अर्धा मिलिमीटर हवा आणि काँक्रीटचा आकडा

एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांनी भरलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्याच्या, माहितीपत्रकात उष्णतावाहकता (पदार्थातून उष्णता किती सहज जाते त्याचे माप) ०.१६ च्या आसपास दिलेली असते, एकक वॅट प्रति मीटर-केल्विन. दाट काँक्रीटची साधारण १.६, म्हणजे दहापट. हे आकडे ‘गार्डेड हॉट प्लेट’ नावाच्या उपकरणावर मिळतात.

मधोमध विजेवर तापणारी सपाट तबकडी, तिच्या दोन्ही अंगांना एकाच पदार्थाच्या सारख्या जाडीच्या दोन लाद्या आणि त्यांच्या बाहेर पाण्याने गार ठेवलेल्या तबकड्या. गरम तबकडीभोवती अगदी बारीक फट सोडून दुसरी तापती चौकट असते. दोघींचे तापमान तंतोतंत सारखे ठेवले, की उष्णतेला कडेने निसटायला वाव राहत नाही. ती लादीतून सरळ आरपार जाते. चौकट जराशी थंड राहिली तर काही उष्णता तिकडे वळते आणि वाहकता खोटीच जास्त दिसते.

समजा मधल्या तबकडीची बाजू १५० मिमी, लादी ५० मिमी जाड आणि दोन्ही पृष्ठभागांतला फरक २० अंश. एएसीसाठी तबकडीला २.८८ वॅट द्यावे लागतात. निम्मे, १.४४ वॅट, एका लादीतून जातात. त्याला जाडीने गुणून क्षेत्रफळाने आणि तापमानफरकाने भागले, की ०.१६ येतात. तापमाने स्थिरावण्याआधी नोंद घेऊन चालत नाही, आणि त्याला काही तास लागतात.

खरी परीक्षा काँक्रीटची. ५० मिमी लादीचा उष्णतारोध, म्हणजे जाडी भागिले वाहकता, जेमतेम ०.०३१. स्थिर हवेची वाहकता ०.०२६, म्हणून अर्धा मिलिमीटर हवेचा रोध ०.०१९. खडबडीत लादीच्या दोन्ही बाजूंना एवढी फट राहिली तर हवेचाच रोध काँक्रीटपेक्षा जास्त भरतो आणि १.६ च्या जागी ०.७ वाचले जाते! म्हणून लादीची तोंडे घासून सपाट करायची, तबकडी आणि लादीमध्ये मऊ रबराचा पातळ थर घालायचा आणि थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, तबकडीवर न लावता लादीच्या पृष्ठभागावर कोरलेल्या खाचेत बसवायचे. हलक्या, मऊ पदार्थांना एवढा त्रास नसतो.

ओलावा मात्र एएसीलाच जास्त फसवतो. त्याच्या छिद्रांत हवेऐवजी पाणी शिरले, की तिथली वाहकता वीसपटीहून अधिक वाढते. शिवाय गरम बाजूचे पाणी वाफ होऊन थंड बाजूला जमते आणि जाताना आपली उष्णता घेऊन जाते. म्हणून नमुना भट्टीत वाळवून पुन्हापुन्हा तोलतात; वजन घटायचे थांबले, की मगच मोजणी. पावसात भिजलेल्या भिंतीला हा कोरडा आकडा लागू पडत नाही. चाचणी-अहवाल मागताना वाहकतेसोबत घनता, सरासरी तापमान आणि ओलाव्याचे प्रमाणही मागून घ्यावे.