बायोटिनला जागेवर बसवणारं विकर

औषधाच्या दुकानात केसांच्या गोळ्यांच्या डबीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं : बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. मोठ्या माणसाला ते दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, तेही अंडी, शेंगदाण्यांतून सहज मिळतं. बाकीचं बहुतेक लघवीवाटे जातं. सुटं बायोटिन कार्बोक्सिलेज विकरांच्या, म्हणजे रेणूंना कार्बन डायऑक्साइड जोडणाऱ्या विकरांच्या, कामाचं नाही. ते त्यांच्यावर पक्कं बसवावं लागतं. आपल्या पेशीत हे काम होलोकार्बोक्सिलेज सिंथेटेज हे लायगेज, म्हणजे जोडणारं विकर, करतं.

बायोटिन लागणारी कार्बोक्सिलेज विकरं आपल्यात फक्त ५. त्यांच्या अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळीत लायसिन नावाची अमिनो आम्लं डझनांनी असतात, पण लायगेज नेमकं एकच निवडतं : दोन्ही बाजूंना मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल असलेलं.

आता खरी गंमत. बायोटिन आपणहून लायसिनला चिकटत नाही. म्हणून लायगेज आधी एक एटीपी, म्हणजे पेशीतला तीन फॉस्फेटचा ऊर्जावाहक रेणू, खर्च करतं. त्यातले दोन फॉस्फेट सुटतात आणि उरलेला एका फॉस्फेटचा भाग, एएमपी, बायोटिनला जोडला जातो. हा जोड ऊर्जेने भरलेला. लायसिनचा अमिनो गट त्यावर चाल करून येतो, एएमपी गळून पडतो, बायोटिन कायमचं बसतं.

ई. कोलाय जीवाणूत हेच काम ३२१ अमिनो आम्लांचं बिरए करतं. तिथे बायोटिन बसवायचं प्रथिन एकाच प्रकारचं. त्याच्या सगळ्या प्रतींवर बायोटिन बसलं, की बायोटिन-एएमपी धरून बसलेले दोन बिरए जोडीने डीएनएच्या ४० बेस-जोड्यांच्या पट्ट्यावर बसतात आणि दोन्ही दिशांची बायोटिन बनवणारी जनुकं बंद करतात. जोडणाराच उत्पादन थांबवतो! मला तर हे वाचताना दरवेळी नवल वाटतं.

बायोटिन फार कमी पडलं तर केस गळतात हे खरं. पण त्यावरून धडधाकट माणसाचे केस गोळ्यांनी वाढतील असं ठरत नाही. त्याला भक्कम पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेमुळे थायरॉइड, ट्रोपोनिन (हृदयविकाराच्या झटक्यासाठीची तपासणी) यांसारख्या काही रक्ततपासण्या चुकू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. तपासणीआधी डॉक्टरांना गोळ्यांबद्दल जरूर सांगा.

मोठी मात्रा खरोखर लागते ती क्वचित एखाद्या बाळाला. २१व्या गुणसूत्रावरच्या या लायगेजच्या जनुकात दोष असतो, रक्तात आम्ल साचतं, अंगावर पुरळ उठतं. अशा बऱ्याच बाळांत लायगेज असतं, पण बायोटिनवरची त्याची पकड सैल असते. भोवती बायोटिनची गर्दी केली, की ते पुन्हा कामाला लागतं. त्यासाठी रोज १० ते २० मिलिग्रॅम देतात. डबीवरचे १०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅमच.