सर्च इंजिन मोठं असणं वेगळं, मोठेपणाचा गैरवापर वेगळा

माझा मावसभाऊ ठाण्यात नौपाड्यात छोटी ट्रॅव्हल एजन्सी चालवतो. परवा राम मारुती रोडवर चहा पिताना म्हणाला, अरे ऑनलाइन शोधणारं सगळं गिऱ्हाईक एकाच कंपनीच्या, गूगलच्या दारातून येतं, हे कायद्यात बसतं तरी कसं? मी म्हटलं, बसतं. तो उखडलाच. पण वर्चस्व असणं आणि वर्चस्वाचा गैरवापर करणं ह्या दोन गोष्टी खरंच वेगळ्या आहेत आणि बरेच जण एकच धरून चालतात, म्हणून त्याला सांगितलं तेच लिहितोय.

आधी असं नव्हतं हां. मक्तेदारी रोखायला आणलेला १९६९ चा एमआरटीपी कायदा आकारच बघायचा, २० कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या उद्योगाला धंदा वाढवायचा तरी सरकारची परवानगी लागायची. ही परवानगीची अट १९९१ मध्ये गेली आणि मग त्या कायद्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा आला. कलम ४ मध्ये मोठं असण्याला बंदी नाही, त्या ताकदीने दुसऱ्याची वाट अडवायला आहे.

समजा ठाणे स्टेशनबाहेर पत्ता सांगणारा एकच माणूस उभा आहे आणि तो बरोबर सांगतो म्हणून सगळे त्यालाच विचारतात, हे झालं वर्चस्व, कष्टाने कमावलेलं. उद्या त्याने स्वतःचं मिठाईचं दुकान टाकलं आणि मिठाई कुठे मिळेल विचारणाऱ्या प्रत्येकाला गोखले रोडची चांगली दुकानं सोडून आपल्याच दारात न्यायला लागला, तर तो गैरवापर.

हा कायदा राबवणाऱ्या आपल्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला १३५.८६ कोटींचा दंड केला तो ह्याच मुद्द्यावर. विमान शोधलं की निकालात ठळक जागी गूगलचा स्वतःचा फ्लाइटचा बॉक्स यायचा आणि बाकीच्या ट्रॅव्हल साइट मागे पडायच्या, हे आयोगाला चुकीचं वाटलं. आणि त्याच आदेशात अ‍ॅडवर्ड्सच्या म्हणजे जाहिरातींच्या तक्रारीत मात्र कायदा मोडलेला सापडला नाही! कंपनी तीच, वर्चस्वही तेच, पण एक वागणं चुकलं आणि दुसरं नाही. मला तर हा फरक समजायला ह्याहून चांगलं उदाहरण दिसत नाही.

ह्या पद्धतीत मला खरंच खुपतं ते म्हणजे वेळ. तक्रारी २०१२ च्या आणि आदेश २०१८ चा, युरोपातलं गूगल शॉपिंगचं २.४२ अब्ज युरो दंडाचं प्रकरण तर २०१७ च्या निर्णयानंतर वरच्या कोर्टात २०२४ पर्यंत चाललं. तोपर्यंत नौपाड्यातल्या गाळ्याचं भाडं कोण भरणार, ते तर दर महिन्याला द्यावं लागतं ना. म्हणून युरोपने डिजिटल मार्केट्स अ‍ॅक्ट आणला, मार्च २०२४ पासून ठरवलेल्या बड्या कंपन्यांना स्वतःची सेवा निकालात वर ढकलायला आधीच मनाई, चूक सिद्ध होईपर्यंत थांबायचं नाही. आपल्याकडेही त्याच महिन्यात डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा आला आणि मला तो विचार पटतो, कारण छोट्या धंद्याला सहा वर्षं लढणं परवडतच नाही.

भावाला म्हटलं, "ते फार मोठे आहेत" अशी तक्रार केलीस तर पुढे सरकणार नाही, काय शोधलं, वर कोणाचं आलं, तुझं कुठे गेलं ते तारखेसकट ठेव. त्याने तिथेच मोबाइल काढून पहिला स्क्रीनशॉट घेतला.