बालिकांवरील अत्याचारांविषयीचा लघुपट : परवानगी, प्रमाणपत्र आणि कागदपत्रे

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो कायदा, याच्या कलम ४३ नुसार त्यातील तरतुदींना व्यापक प्रसिद्धी देणे ही केंद्र व राज्य सरकारांची जबाबदारी आहे. या कामात लघुपटाद्वारे हातभार लावू इच्छिणाऱ्या संस्था आणि महाविद्यालयीन गटांनाही मात्र काही परवानग्या घ्याव्याच लागतात, कारण उद्देश कितीही चांगला असला तरी पडद्यावर काम करणारी मुलगीसुद्धा बालकच असते.

चौदा वर्षांखालील मुलीला भूमिका द्यायची असल्यास चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार आहे, तेथील जिल्हादंडाधिकाऱ्यांची म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. बालकामगारविषयक केंद्रीय नियमांत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार निर्मात्याने नमुना 'सी' मधील हमीपत्र, सहभागी मुलांची यादी, पालकांचे संमतिपत्र आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव सादर करायचे असते. हमीपत्र सहा महिने वैध राहते. मुलीकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काळ तिला कामाला लावता येत नाही, आणि शाळेत खंड पडू नये याची व्यवस्था निर्मात्यानेच करायची असते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मानधन दिल्यास त्यातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करावी लागते. पालकांनी सही केली, तरी मुलीची स्वतःची इच्छा नसेल तर तिला कॅमेऱ्यासमोर उभे करता येत नाही. माझ्या मते संपूर्ण नियमावलीतील ही सर्वांत मोलाची अट आहे. दप्तर खाली ठेवून बंद दाराकडे पाहणारी मुलगी आणि दारापलीकडून येणारा ओळखीचा आवाज एवढ्यानेही प्रसंग पोहोचतो, आणि त्यासाठी तिला अत्याचाराचा अभिनय करावा लागत नाही.

कथा खऱ्या घटनेवर आधारित असेल तर अधिक दक्षता घ्यावी लागते. पॉक्सोच्या कलम २३ नुसार पीडितेचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, परिसर किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील माध्यमांतून उघड करता येत नाही. त्यासाठी केवळ आईवडिलांचा होकार पुरेसा नसून, बालिकेच्या हिताचे असेल तरच विशेष न्यायालय कारणे नोंदवून परवानगी देऊ शकते. चेहरा धूसर केला, पण गणवेशावरचा बिल्ला किंवा एसटी थांब्याची पाटी दृश्यात राहिली, तर गाव ओळखायला वेळ लागत नाही. उल्लंघनासाठी सहा महिने ते एक वर्ष कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सार्वजनिक प्रदर्शनासाठी केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे ई-सिनेप्रमाण संकेतस्थळावर अर्ज करावा. त्यासाठी कथासारांश, श्रेयनामावली, संवाद व गाण्यांचा संपूर्ण मजकूर आणि मालकीविषयक कागद तयार ठेवावेत. बालकांवरील अत्याचाराची दृश्ये विनाकारण दाखवू नयेत, असे मंडळाची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या) श्रेणीचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले असून 'ए' प्रमाणपत्र मिळाल्यास लघुपट अठरा वर्षांखालील मुलींना दाखवताच येत नाही. म्हणून शाळांसाठीच्या लघुपटात काय दाखवायचे हे पटकथेतच ठरवावे. बालकलाकारांचा छळ, दुर्लक्ष किंवा शोषण झालेले नाही, असे निवेदनही प्रत्येक प्रदर्शनात असावे लागते. केवळ यूट्यूबवर प्रसारित करायचे असल्यास मंडळाचे प्रमाणपत्र लागत नाही, परंतु कलम २३ तेथेही लागू असते.

लघुपट पाहून एखादी मुलगी आयोजकांजवळ स्वतःवरील अत्याचाराविषयी बोलली, तर पॉक्सोच्या कलम १९ नुसार ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणे बंधनकारक आहे. म्हणून प्रदर्शनाच्या ठिकाणी तिच्याशी शांतपणे बोलू शकेल अशी एक प्रशिक्षित महिला कार्यकर्ती आधीच नेमावी आणि १०९८ हा बाल मदत क्रमांक पडद्यावर पुरेसा वेळ ठेवावा.