पाणबुड्याच्या टाकीत काय असते?

पंचगंगेच्या घाटावर शोधपथकाचा पाणबुड्या उतरताना दिसला की ‘पाठीवर ऑक्सिजनची टाकी आहे’ असे कोल्हापुरात सर्रास म्हटले जाते. मालवणच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरून, मोजपट्टी अंथरून, प्लास्टिकच्या पाटीवर शिसपेन्सिलीने प्रवाळांची नोंद करणाऱ्या संशोधकांबद्दलही हाच समज आहे. वस्तुतः त्या टाकीत सहसा गाळून, कोरडी करून वातावरणाच्या सुमारे २०० पट दाबाने भरलेली साधी हवा असते, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेला बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरखाली वाढलेल्या दाबामुळे मज्जासंस्थेला विषारी ठरतो आणि पाण्यातच झटके येऊ शकतात, म्हणून हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. काठावरच्या पेटीत मात्र शुद्ध ऑक्सिजन हवाच, कारण वर आल्यावर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे दुखू लागले तर तोच प्रथमोपचार असतो.