फाट्यावरच्या चौकशीपासून निळ्या ठिपक्यापर्यंत

गाडीतल्या फोनवर दिसणारा रस्ता उपग्रहाकडून येत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा जीपीएसचा उपग्रह फक्त स्वतःची जागा आणि अचूक वेळ सांगत राहतो. संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन आपले अक्षांश, रेखांश आणि उंची काढतो. त्यासाठी किमान चार उपग्रह लागतात. चौथा लागतो तो फोनमधल्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठी, कारण एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरचा फरक. पडद्यावरचा आपला निळा ठिपका कोणत्या रस्त्यावर आहे, रस्ता डांबरी आहे की बैलगाडीचा, पुढे पूल आहे का, हे नकाशानेच सांगायचे. कागद घ्या की फोन, नकाशा दोन्हीकडे लागतो. कागदावर आपली जागा आपण शोधायची, पडद्यावर ती आयती मिळते, एवढाच फरक.

आपल्याकडचा नकाशा जुना आणि दर्जेदार आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची सुरुवात १७६७ सालची. विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (जिच्यावरून पुढचे त्रिकोण मोजायचे ती पहिली रेषा) मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले आणि ते उत्तरेकडे आणताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. जॉर्ज एव्हरेस्टने ते काम पुढे नेले. या विभागाच्या टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारे नकाशे, यांच्या क्रमांकांची जुनी पद्धतही वापरायला सोपी आहे. चार अंश बाय चार अंशांच्या चौकोनाला एक आकडा, त्याचे सोळा भाग केले की अक्षर, त्याचे पुन्हा सोळा भाग केले की शेवटचा आकडा. पुण्याचा मोठा भाग येतो तो '४७ एफ/१४' या शीटवर. प्रमाण १:५०,०००, म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, साधारणपणे दर २० मीटरला. घाटाच्या वळणांवर दोरा ठेवून अंतर मोजायचे, रस्ता किती रेषा ओलांडतो ते मोजायचे, की किती चढ किती अंतरात आहे ते गाडी सुरू करण्याआधीच कळते.

मग आपले चालक हे नकाशे घेऊन का फिरले नाहीत? मोठे कारण धोरणाचे होते. किनारा आणि सरहद्द यांपासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले मोठ्या प्रमाणाचे, म्हणजे बारीक तपशिलाचे, नकाशे निर्बंधित होते आणि सामान्य माणसाला सहज मिळत नसत. त्या पट्ट्यात मुंबई, सगळे कोकण, गोवा आणि सह्याद्रीचे बहुतेक घाट येतात. म्हणजे नकाशाची सर्वांत जास्त गरज जिथे, तिथलाच नकाशा दुकानात नव्हता. अमेरिकेत १९१३ पासून पेट्रोल पंपांवर रस्त्यांचे नकाशे फुकट वाटले जात होते आणि तिथल्या पिढ्या मांडीवर नकाशा उलगडून गाडी चालवायला शिकल्या. 'कागद की उपग्रह' हा वाद तिथला. आपल्याकडे कागदाची सवय रुजायच्या आधीच फोन आला. त्याने जागा घेतली ती कागदाची नव्हे, फाट्यावरच्या माणसाची.

फाट्यावर विचारण्यालाही एक शिस्त होती आणि अजून आहे. नाका, फाटा, तिठा, एसटी स्टँड, पेट्रोल पंप हे टप्पे. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या टप्प्यापुरतेच विचारायचे, थेट मुक्कामाचे नाही. 'हा रस्ता अमुक गावाला जातो का?' असे विचारले की उत्तर बहुधा 'हो' येते. 'अमुक गावाला कुठून जायचे?' असे विचारले की खरी माहिती मिळते. सोबतीला मैलाचे दगड. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा. छापील रोड अॅटलास होते, पण ते लवकर शिळे होत. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांकच बदलले: मुंबई-बंगळूरचा ४ झाला ४८, कोकणातला १७ झाला ६६, पुणे-सोलापूरचा ९ झाला ६५. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आणि पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम आकडे आहेत. हे लक्षात ठेवले तर नुसत्या फलकावरून दिशेचा अंदाज येतो. पण जुना अॅटलास आणि नवा फलक यांचा मेळ बसेना, आणि लोकांच्या तोंडी आजही जुनेच आकडे आहेत.

गाडीत रस्ता दाखवणारे यंत्र उपग्रहांच्याही आधीचे आहे. होंडाने १९८१ मध्ये हेलियम वायूच्या गायरोवर (वळण मोजणाऱ्या साधनावर) चालणारे यंत्र बाजारात आणले. छोट्या पडद्यावर पारदर्शक नकाशा सरकवायचा, आपली सुरुवातीची जागा जुळवायची आणि नकाशा संपला की पुढचा घालायचा. १९८५ मध्ये अमेरिकेत एटॅक कंपनीने डिजिटल नकाशा कॅसेटवर दिला. होकायंत्र आणि चाकांवरचे सेन्सर यांवरून गाडी किती आणि कुठे वळली ते मोजायचे. अशा मोजणीत चूक साचत जाते, म्हणून गाडी वळली की जवळचे वळण नकाशावर शोधून ठिपका तिथे ओढून बसवायचा. ही युक्ती आजच्या फोनमध्येही जिवंत आहे, आणि तिच्या काही खोडीही.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला. १९८३ मध्ये कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. त्यानंतर ही लष्करी यंत्रणा नागरिकांनाही खुली करण्याची घोषणा झाली. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू लागली, पण नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. शंभर मीटर इकडेतिकडे म्हणजे शहरात दुसरी गल्लीच. मे २००० च्या सुरुवातीला ती चूक काढून टाकली आणि अचूकता दहा-वीस मीटरवर आली. गाडीतला नॅव्हिगेशनचा धंदा खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला.

भारतात अडचण उरली ती नकाशाची. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी आणि जनतेसाठी वेगळ्या मालिका केल्या. २०१७ मध्ये जनतेसाठीच्या टोपोशीट आधार क्रमांक देऊन मोफत उतरवता येऊ लागल्या. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांची पूर्वपरवानगीची अट काढली. दरम्यान गूगलला २००९ मध्येच इथल्या दिशादर्शनात देऊळ, पंप, दुकान अशा खुणा घालाव्या लागल्या, कारण रस्त्याच्या नावावरून इथे कोणी पत्ता शोधत नाही. फाट्यावरची भाषा यंत्राला शिकावी लागली, हे मला या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान वाटते.

आता काय बिघडते ते पाहू. जुन्या टोपोशीटवरचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या नावाच्या पृथ्वीगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बेतलेले, तर जीपीएस 'डब्ल्यूजीएस ८४' हे वेगळे माप मानते. महाराष्ट्रात दोन्हींत शंभर मीटरच्या घरात फरक पडतो, १:५०,००० वर साधारण दोन मिलिमीटर. जुन्या शीटवरून आकडे घेऊन फोनमध्ये भरले तर ठिपका ओढ्याच्या पलीकडे पडू शकतो. उड्डाणपूल आणि खालचा सर्व्हिस रोड यांत दहा मीटरही नसतात, म्हणून ठिपका चुकीच्या रस्त्यावर ओढला जातो. बोगद्यात संदेश पोहोचत नाही आणि फोन अंदाजाने ठिपका सरकवतो. घाटात कड्यांवरून परावर्तित झालेले संदेश अंतर वाढवून दाखवतात, आणि वाहतुकीची माहिती ज्यांवरून मिळते ते इतर गाड्यांतले फोन तिथे कमी असल्यामुळे तीही तुटपुंजी असते. 'टोल टाळा' हा पर्याय चालू राहिला असेल तर यंत्र निमूटपणे अरुंद घाटात घालते.

सर्वांत घातक चूक ऋतूची. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, रात्री पडद्यावरच्या रस्त्याने निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर शिरली आणि चालक बुडाला. तो पूल नकाशावर होता आणि जमिनीवरही होता. धरण भरले की तो पाण्याखाली जातो, ही गोष्ट गावाला ठाऊक होती, नकाशाला नव्हती. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवण्याचा जिल्हा प्रशासनाचा आदेशही नकाशावर उमटेलच असे नाही.

कागद नव्या रस्त्यांत मागे पडतो, यात शंका नाही. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ ते जून २०२५ या काळात चार टप्प्यांत खुला झाला. छापील नकाशा तेवढ्यात चारदा जुना झाला असता. म्हणून कोकणात किंवा घाटात उतरताना आम्ही सांगतो ते असे: निघण्यापूर्वी वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवा, टोलचा पर्याय तपासा, रस्त्यातली पाच-सहा मोठी गावे क्रमाने कागदावर लिहून डॅशबोर्डवर ठेवा. यंत्राने सुचवलेल्या वाटेवर ती गावे त्याच क्रमाने लागत नसतील तर गाडी बाजूला घ्या. आणि घाट उतरण्याआधीच्या शेवटच्या टपरीवर विचारा, 'आज खाली गाडी जाते का?'