ट्रेलर ओढायचाय? मग बॉक्स आणि ट्यून एकच समजू नका

‘मित्राने ट्यूनर लावलाय, साठ अश्वशक्ती वाढली म्हणे. मीही तोच घेऊ का?’ अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणी डिझेल पिकअप घेतली आणि मागे कॅम्पर किंवा बोट जोडली की हा प्रश्न ठरलेला. त्यावर दहा जण हिरिरीने उत्तरं देतात, पण मित्राने नेमकं काय लावलंय हे एकही विचारत नाही. वायरिंगच्या मधे बसणारा बॉक्स ट्यूनर म्हणून विकतात आणि ईसीएममधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला, प्रोग्रॅम बदलणारं यंत्रही ट्यूनर म्हणूनच विकतात. रिकामी गाडी पळवणाऱ्याला हा घोळ फार महागात पडत नाही. मागे दहा-बारा हजार पाउंड असले की मात्र त्याचं बिल ट्रान्समिशनवाल्याकडून येतं.

बॉक्स बहुतेकांना माहीत असतो. पुण्या-नाशकात स्कॉर्पिओला, इनोव्हाला लावतात तोच हा प्रकार, फक्त अमेरिकन पिकअपच्या मापाचा. रेलच्या (इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) प्रेशर सेन्सरची वायर सोडवायची आणि मधे बॉक्स जोडायचा. सेन्सर खरा दाब सांगतो, बॉक्स तो कमी करून पुढे पाठवतो, दाब पडलाय असं समजून ईसीएम तो वाढवतो. इंजेक्टर उघडा राहतो तेवढाच वेळ, पण डिझेल जास्त जातं. किराणावाल्याने तराजूला खालून बोट लावावं तसं. काही बॉक्स इंजेक्टरकडे जाणारा सिग्नलच लांबवतात. लावायला आणि काढायला वेळ लागत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

ट्यूनमध्ये मधे काही बसत नाही. ओबीडी पोर्टमधून (गाडीची तपासणी करायच्या सॉकेटमधून) ईसीएमच्या आतली टेबलं वाचायची, बदलायची, परत लिहायची. किती डिझेल, कधी फवारायचं, रेलचा दाब किती, टर्बोच्या पात्या किती मिटायच्या, टॉर्कची (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराची) मर्यादा कुठे, हे सगळं त्या टेबलांत असतं. हातात मावणाऱ्या यंत्राने तयार ट्यून टाकता येते, किंवा तुमच्या गाडीचा लॉग (चालताना नोंदलेले आकडे) पाहून कुणी खास तुमच्यासाठी लिहून देतो.

‘म्हणजे दोन्हींनी डिझेलच वाढतं ना?’ हो. गाडी तिथेच अडते.

ईसीएमकडे टॉर्क मोजायचं साधन नसतं. तो हिशेब करतो: इतक्या फेऱ्यांना इतकं डिझेल टाकलं, म्हणजे इतका टॉर्क. हा आकडा तो सतत ट्रान्समिशनच्या कंट्रोलरला कळवतो. आजच्या पिकअपमध्ये आतले क्लच किती दाबाने आवळायचे, गिअर बदलताना किती घाई करायची, हे त्या आकड्यावर ठरतं. गरजेपेक्षा फार जास्त आवळलं तर तेलाच्या पंपाला फुकटचं काम होतं आणि गिअर धक्क्याने पडतात. म्हणून कंपनी हिशेबापेक्षा थोडंच जास्त आवळते, फार नाही.

आता बॉक्स लावा. समजा ईसीएमच्या हिशेबाने ६०० पाउंड-फूट टॉर्क आहे आणि खरा ७०० च्या वर गेलाय. ट्रान्समिशनला सांगितलं गेलं ६००, त्याने क्लच ६०० साठी आवळले. रिकाम्या गाडीत तुम्ही पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देता सात-आठ सेकंद, मग पाय उचलता. तेवढ्यात क्लच जरासा सरकला तरी लगेच थंड होतो. मित्राची गाडी ‘दोन वर्षं मस्त चाललीय’ ती यामुळे. तोच मित्र कोलोरॅडोत आय-७० महामार्गावर डिलनहून आयझेनहॉवर बोगद्याकडे ट्रेलर घेऊन निघू दे. सुमारे आठ मैलांचा चढ, ७ टक्क्यांपर्यंत, आणि वर ११,१५८ फूट. पाय उचलायची सोयच नाही. क्लच इतका बारीक सरकत असतो की गाडीत बसून कळत नाही, पण त्याची सगळी उष्णता तेलात आणि अस्तरात जात राहते. अस्तर एकदा चकाकलं की पकड गेली, आणि पुढच्या चढाला ते आणखी सरकणार.

२००१ ते २००५ च्या डुरामॅक्समागे, म्हणजे जीएमच्या पिकअपमधल्या डिझेल इंजिनामागे, पाच गिअरचं अ‍ॅलिसन ट्रान्समिशन होतं. त्यातला कंट्रोलर आत येणारा आणि बाहेर जाणारा वेग ताडून पाहतो. क्लच सरकला की गाडी सरळ लिंप मोडमध्ये, म्हणजे जेमतेम चालण्यापुरत्या बचावाच्या अवस्थेत, टाकतो. बॉक्स चढवलेल्या मालकांनी यावर ‘अ‍ॅलिसन कच्चं’ असा शेरा मारला, अजून मारतात. बिचारं ट्रान्समिशन स्वतःचा आणि तुमच्या खिशाचा जीव वाचवत होतं! रॅम पिकअपच्या ६८आरएफई ट्रान्समिशनचे ओव्हरड्राइव्हचे (वरच्या गिअरचे) क्लच तर मुळातच नाजूक. रॅमच्याच ६.७ लिटर कमिन्स इंजिनाला बॉक्स लावून त्यावर मोठा ट्रेलर ओढणाऱ्याला मी आपणहून सल्ला देत नाही, ट्रान्समिशन नव्याने बांधणाऱ्याचा पत्ता देतो.

ट्यूनमध्ये हे दुखणं टाळता येतं. टाळलं जातंच असं नाही, आणि ट्यूनवाल्यांचे भक्त हे सोयीस्करपणे विसरतात. डिझेल वाढवलं तसं टॉर्कचं टेबलही खरं ठेवलं, तर ट्रान्समिशनला खरा आकडा जातो आणि ते जास्त आवळतं. ट्रान्समिशनची वेगळी ट्यून केली तर उत्तमच. पण कंपनीने घातलेली टॉर्कची मर्यादा आड येऊ नये म्हणून काही ट्यून लिहिणारे कळवायचा आकडा मुद्दाम कमी लिहितात. म्हणजे बॉक्सचंच खोटं, फक्त आत बसून. म्हणून ‘किती अश्वशक्ती वाढेल’ याआधी विचारा: टॉर्क टेबल खरं ठेवता का, आणि ट्रान्समिशनची ट्यून सोबत देता का? दुसऱ्या प्रश्नाला ‘त्याची गरज नाही’ असं उत्तर आलं तर पाकीट खिशातच राहू द्या.

हवेचं गणितही याच वाटेने चुकतं. टर्बोने किती हवा भरायची हे ईसीएम डिझेलच्या हिशेबावरून ठरवतो. बॉक्समुळे जास्तीचं डिझेल गेल्याचं त्याला ठाऊकच नाही, मग हवा जुन्या हिशेबाची. परिणाम काजळी आणि तापलेला एक्झॉस्ट. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत, म्हणजे साधारण २००७ नंतर, ती काजळी फिल्टरमध्ये साठते आणि ती जाळून टाकायच्या, म्हणजे रिजनच्या, फेऱ्या वाढतात. उंचीवर हवा विरळ, तिथे हे सगळं आणखी बिघडतं. टर्बोच्या आधी मोजलेलं एक्झॉस्टचं तापमान चढावर सलग १२५० फॅरनहाइटच्या वर राहू देऊ नये, हा ट्रेलरवाल्यांचा जुना दंडक आहे आणि मी तो पाळतो. इथे एक खोच आहे. गाडीच्या स्वतःच्या सेन्सरचा आकडा स्क्रीनवर दाखवणारे मॉनिटर अनेकदा टर्बोनंतरचं तापमान दाखवतात. भार असताना ते आधीच्यापेक्षा २००-३०० अंशांनी कमी असतं. स्क्रीनवर १०५० पाहून निवांत गाणी ऐकणारे लोक मी पाहिलेत. तापमानाचा प्रोब टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच हवा.

सगळे बॉक्स एका माळेचे नाहीत, हेही सांगायला हवं. बँक्स कंपनीच्या डेरिंजरसारखे काही ओबीडीतून तापमान वाचतात आणि गरम होऊ लागलं की आपणहून माघार घेतात. साध्या बॉक्सपेक्षा ते खूपच बरे. आणि कधी कधी बॉक्सशिवाय सोपा पर्यायच नसतो: २०१७ पासूनच्या एल५पी डुरामॅक्सचा ईसीएम इतका कुलूपबंद आला की ट्यूनसाठी तो आधी उघडून घ्यावा लागतो किंवा बदलावा लागतो. बाजारात बॉक्स का वाढले त्याचं हेच कारण. बॉक्स चांगला असतो म्हणून नव्हे.

बाकीचे फरक पटकन. ट्यूनने फ्लॅशची (ईसीएम पुन्हा लिहिल्याची) नोंद राहते, मूळ प्रोग्रॅम परत टाकला तरी डीलरला माग लागू शकतो. ‘बॉक्स काढला की पुरावा नाही’ हे निम्मंच खरं, जळालेला क्लच गाडीतच असतो. किंमत, बसवणं, पातळ्या बदलायचं बटण, यांत निर्णय फिरवण्यासारखं काही नाही. पाच पातळ्यांच्या बटणाची तर मला चीडच आहे. ट्रेलर जोडताना ते शेवटच्या पातळीवर विसरलेला माणूस नेहमी कुणीतरी ‘दुसराच’ असतो.

ट्यून म्हणजे डीपीएफ आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) काढणं, असं समजणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. ते डिलीट, ती वेगळी गोष्ट. अमेरिकेच्या क्लीन एअर कायद्याने ते बेकायदेशीर आहे. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या) २०२० च्या अहवालात आधीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपचं हे केल्याचा अंदाज होता, आणि विकणाऱ्यांना दंडही मोठे झाले. उत्सर्जन यंत्रणा जागेवर ठेवून केलेल्या, कॅलिफोर्नियाचा ईओ क्रमांक (तिथल्या प्रदूषण मंडळाच्या मंजुरीचा) मिळालेल्या ट्यून आहेत, बॉक्सही आहेत. क्रमांक नुसता असून चालत नाही, तो तुमच्याच वर्षाच्या, तुमच्याच इंजिनासाठी आहे का ते पाहा.

आणि यातल्या कशानेही ओढायची क्षमता वाढत नाही. दारावरचा वजनमर्यादेचा स्टिकर तोच राहतो. कंपन्यांचा आकडा एसएई जे२८०७ या ओढण्याच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे येतो, त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ उन्हाळ्याच्या उष्णतेत एसी पूर्ण सुरू ठेवून चढायचा असतो. शिवाय ब्रेक, हिच (ट्रेलर जोडायचा आकडा) आणि चॅसीच्याही कसोट्या. अश्वशक्ती विकत घेऊन ब्रेक वाढत नाहीत.

माझं मत विचाराल तर नव्या गाडीला काहीच लावू नका. १९८९ मध्ये डॉजमध्ये आलेलं ५.९ कमिन्स १६० अश्वशक्ती आणि ४०० पाउंड-फूट द्यायचं आणि लोक त्यावर गुरांचे ट्रेलर ओढायचे. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्यूटीचं हाय आउटपुट इंजिन कारखान्यातूनच ५०० अश्वशक्ती आणि १२०० पाउंड-फूट घेऊन येतं. त्यावर आणखी हवं असेल तर ट्रेलर मोठा झालाय, ट्रक छोटा नाही. २००१ ते २०१० च्या दरम्यानची, वॉरंटी संपलेली गाडी असेल तर एकच टोइंग ट्यून लिहून घ्या, वाढ ४० ते ६० अश्वशक्तीच्या आत, ट्रान्समिशनच्या ट्यूनसकट. बॉक्स आधीच लावला असेल तर ट्रेलर जोडल्यावर तो शून्यावर ठेवा.

त्याआधी नुसता मॉनिटर घ्या आणि मूळ अवस्थेतल्या गाडीला ट्रेलर जोडून तुमच्या नेहमीच्या सगळ्यात मोठ्या चढावर न्या. ट्रान्समिशनचं तेल तिथेच २२० फॅरनहाइटच्या वर जाऊन बसत असेल, तर ट्यूनसाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी मोठ्या कूलरला आणि तेल-फिल्टर बदलायला लावा.