सिद्दूर आणि माहझोर: रोजचं पुस्तक, सणाचं पुस्तक

ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये हाती येणारी ही दोन प्रार्थनेची पुस्तकं हमखास एकच समजली जातात. दोन्ही हिब्रूत, उजवीकडून उघडणारी, दोन्हींत 'शेमा' (देव एकच, ही श्रद्धेची घोषणा) आणि 'अमिदा' (मुख्य प्रार्थना) आहेतच.

फरक नावातच आहे. 'सिद्दूर' आला 'सेदेर'वरून, म्हणजे क्रम. 'माहझोर' म्हणजे फेरा, वर्षाचं चक्र. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळच्या प्रार्थना आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, सिद्दूरमधून. रोश हशाना (ज्यू नववर्ष), योम किप्पुर (प्रायश्चित्ताचा दिवस) आणि इतर मोठे सण माहझोरमधून.

उभं राहून म्हणायच्या अमिदाकडे पाहिलं की हे नीट उलगडतं. आठवड्याच्या दिवशी तिच्यात 19 आशीर्वचनं असतात, जरी तिचं दुसरं नाव 'अठरा' असलं तरी. आरोग्य, पाऊस, पोटापाण्याची सोय, सगळं मागून घ्यायचं. शब्बाथला फक्त सात, कारण विसाव्याच्या दिवशी गाऱ्हाणी मांडायची नाहीत. मला ही गोष्ट फार भावते. हे दोन्ही पाठ सिद्दूरमध्येच आहेत. पण रोश हशानाच्या 'मुसाफ'मध्ये, म्हणजे सणाच्या जादा प्रार्थनेत, नऊ आशीर्वचनं आणि मध्ये शोफारचे, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीचे नाद. योम किप्पुरला तर एका दिवसात पाच प्रार्थना, शिवाय 'पियुत' म्हणजे धार्मिक काव्यं. एवढं सगळं रोजच्या पुस्तकात बसवायचं कसं? म्हणून माहझोर जाडजूड.

पूर्वी मात्र ही वाटणी इतकी काटेकोर नव्हती. नवव्या शतकात बॅबिलोनियातल्या अमराम गाओन या धर्मपंडितानं स्पेनमधल्या ज्यूंना प्रार्थनांचा जो क्रम लिहून पाठवला, त्यात रोजचं आणि सणाचं एकत्रच होतं.

आपल्याकडच्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या घरांतली 'हगादा' या दोन्हींत मोडत नाही. ती पेसाहच्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या रात्री घरी, जेवणाच्या मेजाभोवती वाचतात. मराठी भाषांतरासह ती 1846 मध्ये मुंबईत आणि 1874 मध्ये पुण्यात छापली गेली.

माहझोरचं वजन कळायला जर्मनीतल्या वर्म्सचा 1272 सालचा हस्तलिखित माहझोर पाहावा. आज तो जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. प्रार्थना म्हणवून घेणाऱ्या हज्जानसाठी केलेला हा प्रचंड ग्रंथ सिनेगॉगमध्ये उचलून न्यावा लागे. त्यातल्या एका मोठ्या शब्दाच्या अक्षरांमधल्या पोकळीत लेखनिकानं यिडिशमध्ये, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या जर्मन वळणाच्या भाषेत, बारीक ओळ लिहिली आहे. तारीख ठाऊक असलेलं यिडिशमधलं हे सर्वांत जुनं वाक्य. हा माहझोर जो सिनेगॉगमध्ये वाहून नेईल, त्याला चांगला दिवस लाभो, असं ते म्हणतं.